एकतीस नंबरचा ब्लॉक

आमच्या मेडिकल कॉलेजच्या विभागातल्या लाकडी कपाटाच्या तिसऱ्या खणात मेणाचे साठ ब्लॉक होते. प्रत्येकात माणसाच्या शरीराचा नखाएवढा एक तुकडा: यकृत, मूत्रपिंड, कातडी, जीभ, पाठीचा कणा. पहिल्या वर्षाची मुलं मायक्रोस्कोपखाली जी काच बघतात, तिच्यावरचा पापुद्रा या ब्लॉकमधूनच कापलेला असायचा. एकतीस नंबरच्या ब्लॉकमध्ये नाळ होती. ती मेणताईंच्या बाळाची होती आणि ते बाळ जगलं नव्हतं.

हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला ते कळायला सव्वीस वर्षं लागली, आणि त्या सव्वीस वर्षांत मी जे काही बोललो-वागलो ते तुम्ही हे माहीत असूनच ऐकावं असं मला वाटतं. मला सवलत नको आहे.

मेणताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मुलांनी कधीतरी ठेवलं आणि ते इतकं रुळलं की हजेरीपटावरचं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, ही बाई कोण, कधी दिसली नाही. ठेंगणी मूर्ती, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला आणि उजव्या तर्जनीचं नख कायम जांभळं. तो रंग पेशी रंगवायचा. एकदा नखात शिरला की नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही, आणि मेणताईंचं नख वाढायच्या आत पुन्हा रंगायचं.

त्यांची खोली लांबट होती, उत्तरेला मोठी खिडकी. एका टोकाला मेणाची भट्टी, दुसऱ्या टोकाला कापायचं यंत्र आणि मध्ये कोमट पाण्याचं पसरट काळं भांडं. इस्पितळातून आलेला तुकडा आधी फॉर्मालीनमध्ये टिकवायचा, मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, मग त्यात वितळलेलं मेण जिरवायचं. मेण गोठलं की साबणाच्या वडीसारखा ब्लॉक तयार. तो यंत्राला लावून चाक फिरवलं की एका फेरीत एक पापुद्रा निघतो, पाच मायक्रॉन जाडीचा. म्हणजे एका मिलिमीटरचे दोनशे भाग करा, त्यातला एक. तो पापुद्रा कोमट पाण्यावर सोडला की त्याच्या सुरकुत्या आपोआप उलगडतात, आणि मग खालून काच घालून त्याला अलगद उचलायचं. मेणताई हे काम करताना श्वास धरायच्या. इतरांना वाटायचं त्या रागावल्या आहेत.

मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा मोठे सर विभागप्रमुख होते. ते तासभर फळ्यावर लिहायचे आणि शंभरातल्या नव्वद मुलांना वाटायचं की आपण मुकाट्याने घरी परत जावं. मग मेणताई खोक्यातल्या काचा वाटत बाकांमधून फिरायच्या आणि फिरता फिरता बोलायच्या. ऊतिशास्त्र नावाचा विषय मला फळ्यावरून कळला नाही. तो त्या फिरण्यातून कळला.

"घाबरू नका रे," त्या म्हणायच्या. "शरीरात चारच प्रकारची मंडळी आहेत. एक झाकणारी, एक ओढणारी, एक निरोप नेणारी आणि एक जोडणारी. कातडी झाकते, स्नायू ओढतो, नस निरोप नेते. उरलेलं सगळं जोडत बसतं आणि त्याला कुणी विचारत नाही. घरात असतं तसंच."

"आणि रंग?" कुणीतरी विचारायचं.

"जांभळा ठिपका म्हणजे पेशीचं डोकं. गुलाबी म्हणजे बाकीचं अंग. दोन पेन्सिली आणा. तिसरी लागली तर समजा काहीतरी चुकलंय."

त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपायचा नाही. काच हातात आली की आधी ती खिडकीकडे धरायची आणि उघड्या डोळ्यांनी बघायची. मग लहान भिंग, मग मोठं. "एकदम मोठ्या भिंगावर उडी मारलीत तर शंभर पेशी दिसतील, पण आपण कुठल्या गावात आहोत ते कळणार नाही," असं त्या म्हणायच्या. आम्ही उडी मारायचोच, आणि हरवायचोच.

एकतीस नंबरची काच आली त्या दिवशी मात्र मी उघड्या डोळ्यांनी पाहिली, कारण ती तशीच पाहण्यासारखी होती. नाळ आडवी कापली की एक गोल दिसतो. आत शेजारी शेजारी दोन लहान भोकं, त्यांच्याखाली एक मोठं. लहान दोन बाळाकडून आईकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, मोठी आईकडून बाळाकडे येणारी. दोन डोळे आणि उघडं तोंड. मी ती काच वर धरून वर्गाला म्हटलं, "हा बघा, हसतोय." वर्ग हसला. मला आणखी चेव आला आणि वहीत चित्र काढताना मी त्याला जांभळ्या पेन्सिलीने झुबकेदार मिशी काढली.

मेणताई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मिशी कुठे दिसली तुला?"

"दिसली नाही. शोभेल असं वाटलं."

"जे दिसतं तेच काढायचं. याला मिशी नाही." त्यांनी कोटाच्या खिशातून पातं काढलं आणि माझ्या वहीतली ती मिशी स्वतः खरवडून काढली. कागद फाटू दिला नाही. मग म्हणाल्या, "हसतोय ते मात्र बरोबर आहे," आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. मी शेजारच्याला म्हटलं, बाईंना विनोद कळत नाही.

पुढे मी याच विषयात पडलो आणि याच विभागात शिकवायला लागलो. यंत्रावर कापायला मला मेणताईंनीच शिकवलं. प्राध्यापकांमध्ये कुणालाच कापता येत नसल्यामुळे मला येतं अशी माझी ख्याती झाली. वासरात लंगडी गाय शहाणी. पाच वर्षांपूर्वी मी विभागप्रमुख झालो आणि ज्या दिवशी त्या खुर्चीत बसलो त्या दिवशी मेणताईंच्या तोंडचं "अरे" गेलं आणि "सर" आलं. मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

बाकीचे एकोणसाठ ब्लॉक त्या कुणालाही कापू द्यायच्या. नवशिक्यांनी वाकडेतिकडे कापले तरी हसायच्या. एकतीस नंबरवर मात्र चिकटपट्टी होती आणि तिच्यावर त्यांच्या बारीक अक्षरात "मी कापीन" एवढंच लिहिलेलं. वर्षातून एकदा, नवी मुलं यायच्या आदल्या आठवड्यात, त्या तो ब्लॉक तासभर बर्फावर ठेवायच्या आणि मग फुटलेल्या-हरवलेल्या काचांपुरतेच पापुद्रे काढायच्या, दहा किंवा पंधरा. एक फेरी जास्तीची नाही. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालोदेखील, "मेणताई, तुमचं हे एकतीस नंबर फार लाडावलंय." त्या म्हणाल्या, "हो सर, झालंय खरं."

त्यांचे यजमान घड्याळजी. बसस्टॉपसमोर दोन दारांएवढं अरुंद दुकान, भिंतीवर वीस घड्याळं आणि ती वीस वेळा दाखवणारी. उजव्या डोळ्याला काळं भिंग लावून ते दिवसभर बारीक चाकांवर वाकलेले असायचे. मेणताई म्हणायच्या, "आमच्या घरात दोघंही भिंगातून बघतात, त्यामुळे मोठ्या गोष्टी कुणालाच दिसत नाहीत." गेली दोन वर्षं घड्याळजींच्या त्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता आणि ते ऑपरेशन पुढे ढकलत होते. माणूस अबोल, पण हट्टी.

यंदा कॉलेजची तपासणी करायला समिती येणार असं पत्र आलं. राग माझ्या नाकावर असतोच, त्यात असलं पत्र आलं की मी सगळ्यांवर उखडतो. मुलांच्या खोक्यांतल्या काचा जुन्या झाल्या होत्या, गुलाबी रंग तर विटून गेला होता. मी फर्मान काढलं की सगळ्या जुन्या काचा मोडीत काढायच्या आणि साठही ब्लॉक नव्याने कापायचे.

मेणताई आणि शिपाई आठवडाभर जुन्या काचा साबणाच्या पाण्यात उकळत होते. आमच्याकडे काच फेकत नाहीत, घासून पुन्हा वापरतात. एकतीस नंबरचं खोकं हातात घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"सर, या नव्या निघेपर्यंत ठेवू का?"

"मेणताई, एकदा अपवाद केला की सगळे अपवाद मागतात."

"बरं," त्या म्हणाल्या. "ब्लॉक आहेच." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्या काचा पातेल्यात सोडल्या. त्यांनी त्यातली एखादी सहज पदराआड केली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या बाईने विभागातला कापसाचा बोळासुद्धा घरी नेला नव्हता.

समिती यायला पाच दिवस उरले आणि घड्याळजींच्या ऑपरेशनची तारीख आली. मेणताईंनी दोन दिवसांची रजा मागितली. एकोणसाठ ब्लॉक कापून झाले होते. "एकतीस मी आल्यावर कापते," त्या दारातून म्हणाल्या. "अर्धा मिलिमीटरच उरलाय, पण पुरेल. कुणी हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यादी बघत होतो. एकोणसाठ खुणा, एक रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेने माझं डोकं फिरलं. एका तुकड्यासाठी अख्ख्या विभागाने थांबायचं, आणि मी प्रमुख असताना, आणि मला कापता येत असताना. मी चिकटपट्टी काढली, ब्लॉक यंत्राला लावला आणि स्टुलावर बसलो.

यंत्राच्या बाजूला जाडीचा आकडा असतो. नवा ओबडधोबड ब्लॉक आला की तो वरून भराभर तासायचा असतो, तेव्हा आकडा तीसवर ठेवतात. तासून झालं की पाचवर आणायचा. चाकाला हात लावण्याआधी तो आकडा बघायचा ही आमच्या कामातली पहिली गोष्ट. मी स्वतः ती कितीतरी तुकड्यांना शिकवली आहे. त्या दिवशी सकाळी कुणीतरी नवे ब्लॉक तासले होते आणि आकडा तीसवरच होता. मी बघितला नाही.

पापुद्रे सरळ येईनात. पेन्सिलीला टोक करताना निघतात तसे गुंडाळून पडायला लागले. मला वाटलं मेण गरम झालंय. मग वाटलं पातं बोथट आहे. पातं बदललं, पुन्हा चाक फिरवलं. सोळा-सतरा फेऱ्या झाल्या आणि पात्याखाली नुसतं पांढरं मेण यायला लागलं. तेव्हा मी आकड्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

लाज वाटली, पण खरं सांगायचं तर थोडीच. नाळ म्हणजे काय मोठी दुर्मिळ वस्तू नव्हे. मी ब्रशने ते गुंडाळे यंत्राखालच्या ताटलीत लोटले आणि प्रसूती विभागाला फोन करून एक ताजी नाळ मागवली. संध्याकाळपर्यंत ती फॉर्मालीनमध्ये पडलीसुद्धा. मी घरी जाऊन व्यवस्थित जेवलो.

मेणताई रजेवरून आल्या तेव्हा मी त्यांच्या खोलीतच होतो. ऑपरेशन छान झालं, पट्टी निघाली, असं त्या हसत हसत सांगत होत्या. मग त्यांचं लक्ष यंत्राकडे गेलं.

"अहो, एकतीसचा माझ्या हातून घोटाळा झाला," मी म्हटलं. "आकडा तीसवर होता. पण काळजी करू नका, मी दुसरी मागवली आहे. एकदम ताजी."

ब्लॉक काढून त्यांनी उजेडाकडे धरला. आरपार पांढरा होता.

"कापलेलं टाकलं का?"

"काय?"

"जे निघालं ते. टाकलं का?"

"ताटलीत असेल."

त्यांनी ताटली बाहेर ओढली, आत पाहिलं आणि स्टुलावर बसल्या. चष्मा लावायला गेल्या तर दोरा कोटाच्या बटणात अडकला, तो त्यांना सुटेना. मी पुढे होऊन सोडवला.

"सर, जरा दार लावून घ्या."

मी दार लावलं. त्या माझ्याकडे न बघता, ताटली मांडीवर धरून बोलल्या.

"बत्तीस वर्षं झाली. आठव्या महिन्यात पोटातच गेला. मला दाखवला नाही. बघू नकोस, त्रास होईल म्हणाले. यांनाही कुणी दाखवला नाही. सोळाव्या दिवशी मी कामावर आले तर टेबलावर माझंच भांडं. चिठ्ठीवर माझं नाव. वार आणि नाळ तपासायला आली होती. मोठे सर म्हणाले, मी दुसरीकडून करून घेतो. मी म्हटलं, नको, मीच करते. कशाने गेला ते कळायला हवं होतं."

"कळलं?"

"नाही. सगळं ठीक होतं. दोन लहान, एक मोठी. पुस्तकात असते तशी." त्यांनी ताटली जराशी सरळ केली. "खणात एकतीस नंबर रिकामा होता. सरांना विचारलं, हा तुकडा मुलांसाठी ठेवू का. ते हो म्हणाले. माझा मुलगा कॉलेजात जाईल असं मनात होतं, तर तो असा कॉलेजात आला. दर वर्षी शंभर मुलं त्याला बघतात, वहीत काढतात. त्यातली कितीतरी डॉक्टर झाली. तेवढ्यावर माझं चाललं होतं, सर."

ती मिशी मला आठवली. "फार लाडावलंय" आठवलं. ताजी नाळ आठवली.

"घड्याळजींना ठाऊक आहे?"

"नाही. मी त्यांना न विचारता ठेवला. आधी सांगायची हिंमत नव्हती, मग उशीर झाला. मग त्यांना दिसेनासं झालं. म्हटलं, डोळा होऊ दे, मग एक सुरेख काच करीन, त्यांच्या पुढ्यात ठेवीन आणि सांगीन. निवृत्तीला आठ महिने आहेत, त्याच्या आत. शेवटचा अर्धा मिलिमीटर त्यासाठीच इतका जपला होता."

"मेणताई, माझं चुकलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. "फार चुकलं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आकडा बघायचा रे आधी," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?"

पाच वर्षांनी "अरे" परत आलं होतं आणि मला मान वर करवत नव्हती.

मग त्या उठल्या. बारीक ब्रशने त्यांनी गुंडाळे एकेक करून वेगळे केले. सतरा होते. बारा मोडलेले, पाच अख्खे. इतका जाड पापुद्रा पाण्यावर उलगडत नाही, तडकतो. आणि काचेवर चढला तरी रंगात बुडवताना निसटतो. हे मला ठाऊक होतं, त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

"अंडं आण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अंडं. पांढरं लावून काच चिकट करायची. आम्ही पूर्वी तसंच करायचो. कँटीनमध्ये मिळेल."

विभागप्रमुख खिशात अंडं घेऊन दोन जिने सांभाळून चढताना दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या वर्गाने पाहिलं. कुणी हसलं असेल तर मी त्याला नंतरही काही बोललो नाही.

त्यांनी पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त गरम केलं. पहिला गुंडाळा तडकला. दुसरा अर्धा उलगडला आणि फाटला. तिसरा, चौथा आणि पाचवा त्यांनी दोन ब्रशांनी, काठाकाठाने, झोपलेल्या मुलाची मूठ सोडवावी तसे उघडले. खोलीत आम्ही दोघंही श्वास धरून होतो. काचा वाळायला एक दिवस ठेवल्या. रंगवताना तिसरा निसटून रंगात गेला, चौथा धुताना गेला. पाचवा राहिला. जाडीमुळे तो गडद होणार हे ओळखून त्यांनी तो जांभळ्यातून अर्ध्याच वेळात बाहेर काढला.

मी ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. पेशींवर पेशी चढलेल्या, सगळं गढूळ. एकही गोष्ट नीट दाखवता आली नसती.

"मुलांना नाही चालणार," त्या माझ्या खांद्यावरून म्हणाल्या.

"नाही."

त्यांनी काच काढून घेतली आणि खिडकीकडे धरली. पाच मायक्रॉनची काच उजेडात फिकट गुलाबी डागासारखी दिसायची. ही जाड होती. नखाएवढा गोल, गडद, काठ स्वच्छ. दोन लहान, एक मोठं. भिंगाची गरजच नव्हती.

"आधी उघड्या डोळ्यांनी," मी म्हटलं.

"हो रे," त्या म्हणाल्या आणि खूप वेळ तशाच उभ्या राहिल्या.

ती काच घरी न्यायला मात्र त्या तयार होईनात. सरकारी काच, म्हणाल्या. शेवटी मी कागद घेतला आणि लिहिलं: जाडी चुकल्यामुळे नमुना शिकवण्यास निरुपयोगी, त्याची योग्य ती विल्हेवाट लावावी. खाली सही केली, शिक्का मारला. तो कागद वाचून त्या त्या घोटाळ्यानंतर पहिल्यांदाच हसल्या. समिती आली, ताज्या नाळेच्या काचा पाहून मान डोलावून गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दोन आठवड्यांनी शनिवारी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "आज सांगते त्यांना. तू चल. मला बोलता येईल की नाही कुणास ठाऊक."

घड्याळजी दुकानात एकटेच होते. डोळा बरा झाला होता, भिंग पुन्हा उजव्या डोळ्यावर चढलं होतं. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं. मेणताईंनी पाकिटातून काच काढून त्यांच्या समोरच्या पांढऱ्या फडक्यावर ठेवली.

"काय दुरुस्त करायचंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बघायचंय."

त्यांनी फडक्याला बोटं पुसली, काच कडेने धरली, दिव्याकडे केली. आधी भिंग वर सरकवून नुसत्या डोळ्याने पाहिली. मग भिंग लावून.

"दोन बारीक भोकं, एक मोठं. सुबक आहे काम. कसलं आहे हे?"

मेणताईंनी सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बोलता येणार नाही, पण तीन-चार वाक्यांत त्यांनी सगळं सांगितलं: कुणाचं आहे, कुठे होतं, किती वर्षं. शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला विचारलं नव्हतं. रागावला असाल तर रागवा."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. काचही खाली ठेवली नाही. आम्ही थांबलो. वीस घड्याळं आपापल्या वेळा दाखवत राहिली.

"मी त्याला पाहिला होता," ते म्हणाले.

मेणताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"नर्स बाहेर घेऊन आली होती. म्हणाली, बापाने एकदा बघून घ्यावं. मी बघितला. तुला बघू नको म्हणाले होते, मग मी बघितला हे तुला कोणत्या तोंडाने सांगायचं. म्हणून नाही सांगितलं. नंतर उशीर झाला."

"तुम्ही पाहिला होता," मेणताई म्हणाल्या.

"हातातही घेतला होता. थोडा वेळ."

मेणताईंनी हात मागे नेऊन स्टूल चाचपलं. मी ते त्यांच्याकडे सरकवलं. त्या बसल्या, दोऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू आता काहीतरी बारीक बघायचं होतं.

"केस होते?"

"होते. भरपूर. ओले होते, काळे."

"आणि कान?"

"कान तुझ्यासारखे. वर जरासे टोकदार."

मेणताईंचा हात आपोआप आपल्या कानाकडे गेला. मग त्या पुढे वाकल्या. "सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. जे दिसलं तेच सांगा, जास्तीचं काही नको."

मी बाहेर आलो आणि दुकानाच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं. मी त्याला सांगितलं, आज घड्याळजींना वेळ लागेल, तुम्ही सोमवारी या.